औषधपाणी कंपनीचं

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा कडीचा डबा आहे आणि मला अजून राग येतो. डब्याला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. डब्याने मुकाट्याने डाळ-तांदूळ सांभाळावेत आणि फळीवर बसून राहावं. पण माझ्या पोटात कधी डाळ पडलीच नाही. काचेची एक सिरिंज, दोन सुया, स्पिरिटचा कापूस आणि इन्शुलिनची बाटली, एवढाच माझा संसार. तो संसार घेऊन मी समुद्रापलीकडे जाऊन आलो आहे. तिथे माझ्या तोंडून जी साक्ष काढली गेली, ती मी दिली नव्हती. म्हणून आज मी स्वतःच बोलतो.

मला कोणी आणि कुठे घडवलं ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण शिरूरच्या एका भांड्यांच्या दुकानातली आहे. मी एक वीतभर लांब आणि अरुंद. मसाल्याला मोठा, भाकरीला लहान. येणाऱ्या बायका मला उचलून बघत, झाकण उघडून मिटत आणि परत ठेवून देत. दुकानदाराने मला मागच्या रांगेत सारलं होतं आणि तिथे माझ्यावर धूळ बसू लागली होती.

एका रविवारी निमोण्याचा मच्छिंद्र दुकानात आला. तो दौंडला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. त्याच्या शेजारच्या जागेवर नबीलाल नावाचा वेल्डर काम करायचा. नबीलालला एकोणिसाव्या वर्षापासून साखरेचा आजार होता. रोज दोनदा इंजेक्शन घ्यावं लागे आणि ते तो स्वतःच मांडीत टोचून घेई. सिरिंज रुमालात गुंडाळून खिशात ठेवायची त्याची सवय होती. त्या आठवड्यात ट्रॉलीखाली सरपटताना ती खिशातच फुटली. नवी मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि तेवढ्यात नबीलाल पार आडवा झाला. मच्छिंद्रने हे पाहिलं होतं. तो दुकानात खिशातून एक काडी काढून प्रत्येक डब्यात घालून बघत होता. सिरिंजच्या मापाची काडी त्याने तोडून आणली होती. ती माझ्यात बरोबर बसली आणि माझं नशीब उघडलं.

आमच्याकडे भेटीचं भांडं नाव घातल्याशिवाय देत नाहीत. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशासाठी आणि कोणत्या तारखेला, हे सगळं भांड्यावर हवं. लग्नातल्या तांब्यापासून बारशाच्या वाटीपर्यंत हाच रिवाज. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा बारीक हातोडी आणि खिळा घेऊन बसलेला असे. मच्छिंद्रने त्याला मजकूर सांगितला. म्हातारा म्हणाला की डबा एवढासा आणि तुमचं पत्र एवढं मोठं, थोडं कमी करा. मच्छिंद्रने एक अक्षर कमी केलं नाही. टिंबाटिंबांनी माझ्या झाकणावर लिहिलं गेलं ते असं: "नबीलाल सुभान, केडगाव, यास साखरेच्या इंजेक्शनासाठी सप्रेम भेट. मच्छिंद्र, निमोणे. ता. ९-९-७३." प्रत्येक टिंबाला मला झणझणलं, पण खरं सांगतो, मला अभिमान वाटला. मागच्या रांगेतल्या डब्याला नाव मिळालं होतं.

माझी कामाची वर्षं सुखाची गेली. नबीलालचं घर केडगावला, स्टेशनच्या अलीकडे. त्याची बायको खातून रोज सकाळी मला स्टोव्हवर ठेवून माझ्यातच सिरिंज उकळायची. त्याने माझं बूड काळं झालं ते कायमचं. इन्शुलिनची बाटली ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. पाव्हणे आले की वाळूत काय पुरलंय म्हणून विचारत. खातून सरळ सांगायची. त्या घरात आजार झाकून ठेवायची पद्धत नव्हती. नबीलाल तर वर्कशॉपात सर्वांदेखत माझी कडी उघडायचा. चहात साखर नको म्हणून त्याची थट्टा व्हायची आणि तोही त्यात सामील असायचा. दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जोडणाऱ्याला चिमूटभर साखर चालत नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्याचा हात मात्र असा होता की सांधा कुठे आहे ते बोटाने शोधावं लागे. तालुक्यातले लोक ट्रॉली घेऊन यायचे आणि नबीलालच्याच हाती द्यायचे.

काळजी एकच होती, ती बाटलीची. दौंडच्या दुकानात ती कधी असे, कधी नसे. नसली की पुण्याला जावं लागे, आणि पुण्यातही कधीकधी परवा या म्हणत. वाळूतली बाटली तळाला आली की खातूनचं बोलणं कमी होई. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. कारण पुढे लोक म्हणाले की नबीलाल पैशाच्या लोभाने परदेशी गेला. तो गेला बाटलीसाठी.

शहात्तर साली पुण्यात एक एजंट आला. तेलाच्या देशात एका कंपनीला वेल्डर हवे होते. लॉजवरच्या खोलीत तीस-चाळीस माणसं दाटीने उभी होती. एजंटाने कराराचं पुढचं पान वाचून दाखवलं. पगार अमुक, राहणं कंपनीचं, जेवण कंपनीचं आणि औषधपाणी कंपनीचं. नबीलालने शेवटचे शब्द ऐकले आणि खिशात मला हाताने चाचपलं. त्याने सर्वांसमोर विचारलं की मला रोज इंजेक्शन लागतं, तेही त्यात येतं का. एजंट म्हणाला, सगळं येतं.

वेल्डिंगची परीक्षा त्याने पहिल्या नंबराने पास केली. मग कंपनीच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं. मित्रांनो, या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. नबीलालने काही न विचारता मला टेबलावर ठेवलं आणि माझं झाकण उघडलं. डॉक्टरांनी सिरिंज पाहिली, बाटली उजेडात धरली, झाकणावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं. हे कधीपासून, असं हिंदीत विचारलं. एकोणिसाव्या वर्षापासून, असं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा परीक्षेतल्या मार्कांच्या कागदाकडे पाहिलं आणि "तंदुरुस्त" असा शिक्का मारून पुढचा माणूस बोलावला. आजाराच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली. ती रेघ ओढली जाताना मी पाहिली. त्यांना वेल्डर हवा होता, साखर नको होती. म्हणून त्यांनी वेल्डर घेतला आणि साखर कागदावरून पुसून टाकली, जणू ती तेवढ्याने त्याच्या रक्तातूनही गेली.

कराराचं मागचं पान कोणी वाचलं नाही. ते इंग्रजीत होतं आणि त्याची अक्षरं मुंगीएवढी होती. नबीलालने सही केली.

तिकडे मला पहिल्या महिन्यातच उमगलं की औषधपाणी म्हणजे काय. बरोबर नेलेल्या बाटल्या संपत आल्या तेव्हा नबीलाल कंपनीच्या दवाखान्यात गेला. तिथल्या माणसाने मागचं पान काढून त्यावर बोट ठेवलं. नोकरीच्या आधीपासून असलेला आजार विम्यात बसत नाही, असं त्यावर होतं. ताप येऊ दे, औषध मिळेल. खोकला येऊ दे, मिळेल. साखर आधीची, ती तुझी तू बघ.

नबीलाल त्या दिवशी भांडला नाही. भांडायला हवं होतं असं माझं मत आहे, पण मी डबा. तो बराकीत येऊन खाटेवर बसला आणि स्वतःशीच म्हणाला की साखर माझीच आहे, खोटं कशाला बोला. तो पदरच्या पैशाने बाटली आणू लागला. मेसच्या आचाऱ्याने फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे तिला जागा दिली. अशी चौदा महिने त्याने कंपनीच्या नळ्या जोडल्या. फोरमन त्याचा सांधा दुसऱ्यांना दाखवायला घेऊन यायचा.

पंधराव्या महिन्यात त्याचा डावा बूट फाटला. नवा द्या म्हणून त्याने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मापाचा बूट आलेला नाही असं उत्तर मिळालं. एके दिवशी वरच्या नळीवर काम करताना वितळलेल्या लोखंडाचा थेंब त्या भोकातून आत गेला. निरोगी माणसाने ओरडून बूट भिरकावला असता. पण वर्षानुवर्षं साखर असलेल्या माणसाच्या पायाला कधीकधी कळ लागत नाही. नबीलालने पाळी पुरी केली. बराकीत मोजा काढायला गेला तेव्हा तो करंगळीला चिकटून बसला होता.

जखम चिघळली. दवाखान्याने पहिल्या दिवशी मलमपट्टी केली. चौथ्या दिवशी पायाचा रंग पाहून मोठ्या इस्पितळात न्यायला हवं असं सांगितलं. त्यासाठी विम्याची मंजुरी हवी होती. मंजुरीचा कागद कंपनीकडून विम्याकडे गेला, विम्याकडून परत कंपनीकडे आला. त्या हेलपाट्यात दहा दिवस गेले. कागदाला काय, तो कितीही दिवस बसून राहतो, नासत नाही. पाय नासतो.

कागद निघाल्याच्या अकराव्या दिवशी नबीलालला ऑफिसात बोलावलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो गेला. टेबलामागे मॅनेजर आणि शेजारी दुभाषी म्हणून एक कारकून होता. कारकून आमच्या पुण्याकडचा निघाला. त्याला मराठीत बोलताना ऐकून नबीलालचा चेहरा उजळला. मलाही वाटलं की आता काही बिघडत नाही, आपलं माणूस आहे.

मॅनेजरचं म्हणणं कारकुनाने सांगितलं. भाजल्याची जखम आठ दिवसांत भरते. तुझी भरली नाही ती साखरेमुळे. साखर आधीची, म्हणून ही जखमही आधीच्या आजारातच मोडते. शिवाय डॉक्टरांच्या कागदावर आजाराची नोंद नाही, म्हणजे तू आजार लपवलास. विमा काही देणार नाही. पाहिलंत, मित्रांनो? अपघात सत्त्याहत्तर सालचा, बूट कंपनीचा, लोखंड कंपनीचं, आणि जखम म्हणे केडगावहून बरोबर आणलेली.

लपवलास हा शब्द नबीलालला झोंबला. त्याने लगेच खिशात हात घातला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. हाच डबा मी डॉक्टरांना उघडून दाखवला होता, असं त्याने कारकुनाला सांगितलं. लपवायचं असतं तर एवढं नाव घातलेला डबा खिशात घेऊन हिंडलो असतो का? भोळा माणूस. आमच्याकडे भांड्यावरचं नाव म्हणजे शब्दाला पुरावा. ते दाखवलं की कोणीही गप्प बसतो.

कारकुनाने मला हातात घेतलं. झाकणावरची मराठी अक्षरं पाहून तो हरखला. कितीतरी दिवसांत त्याने अशी अक्षरं पाहिली नसावीत. त्याने सगळा मजकूर मोठ्याने वाचला, निमोणे या गावी आपली मावशी दिल्याचं सांगितलं आणि तारखेपर्यंत आला. मॅनेजरने विचारलं, काय लिहिलं आहे. कारकून थबकला. माझ्यावर लिहिलेलं आता त्याच्या जिभेवर होतं आणि जीभ त्याची होती. तो इंग्रजीत बोलला. मॅनेजरने फायलीत लिहून घेतलं आणि कारकुनाने ते मराठीत सांगितलं: आजार, १९७३. करार, १९७६. मग मॅनेजर माझ्याकडे बोट करून समाधानाने काही म्हणाला.

मित्रांनो, एका दोस्ताने प्रेमाने घातलेली तारीख दुसऱ्याच्या पायावर अशी उगारली गेली. मी स्टीलचा नसतो तर त्या टेबलावर वितळलो असतो.

नबीलाल खुर्चीचा आधार घेऊन उभा राहिला. तो आवाज न चढवता कारकुनाला म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा. साखर माझी हाय, ती मी नाकारत न्हाई. पन ठिणगी तुमच्या कामावरची हाय. साखरेचं मी बघतो, ठिणगीचं तुमी बघा."

कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण वाक्याची लांबी मला कळते. नबीलाल एवढं बोलला आणि कारकून फार तर चार शब्द बोलला. मॅनेजरने लगेच मान डोलावून फायल मिटली. ठिणगीचं ऐकून कोणी मान डोलावत नसतं. साखर माझी हाय, एवढंच काय ते पलीकडे पोचलं होतं. कारकून दाराशी येऊन हळूच म्हणाला की माझीही नोकरी आहे, मामा. नबीलाल त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहानच असेल.

इस्पितळाऐवजी त्याच्या हातात विमानाचं तिकीट दिलं गेलं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला थेट गाडीतून उतरवलं तेव्हा करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला, साखर कधीपासून. माझं पत्र्याचं अंग शहारलं. आता हेही हाकलणार असं मला वाटलं. पण त्यांनी ते औषधाचं माप ठरवण्यासाठी विचारलं होतं. आजार जुना आहे हे कळल्यावर त्या उलट जास्त काळजी घेऊ लागल्या. प्रश्न तोच, मित्रांनो, पण एकाने तो दार लावायला विचारला आणि दुसऱ्याने दार उघडायला. दोन्ही बोटं कापावी लागली. बाई खातूनला म्हणाल्या, की आठ दिवस आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती. ते आठ दिवस कोणत्या टेबलावर गेले हे खातूनला पुढे कळलं आणि मग ती त्या कंपनीला असं काही बोलली, की ते मी तुम्हा मुलांना सांगू शकत नाही.

मच्छिंद्र भेटायला आला. माझ्यावरच्या अक्षरांनी काय केलं ते ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपातली कानस घेऊन आला आणि झाकण घासायला बसला. नबीलालने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. लिहिलेलं खोटं नव्हतं, मग पुसायचं कशाला, असं त्याने विचारलं. मच्छिंद्रने कानस पिशवीत टाकली आणि दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

नबीलाल पुन्हा वर्कशॉपात लागला. बसून करायची कामं करू लागला. मी पुन्हा स्टोव्हवर चढलो. दोन वर्षं गेली आणि एजंट परत आला, आता थेट दौंडलाच. शाळेच्या वर्गात त्याने टेबल मांडलं. राहू गावचा पोपट हा वर्कशॉपातला चांगला वेल्डर. त्याला दमा होता. त्यानेही नाव दिलं. औषधपाणी कंपनीचं आहे, असं त्याने वर्कशॉपात सांगितलं आणि नबीलालच्या हातातलं काम थांबलं.

त्या दिवशी नबीलाल शाळेत गेला. मी नेहमीप्रमाणे त्याच्या खिशात. सव्वीस माणसं बाकांवर बसली होती. एजंटाने पुढचं पान वाचलं आणि सह्यांसाठी पेन पुढे केलं. नबीलाल उठला आणि मागचं पानही मराठीत वाचून दाखवा, असं म्हणाला. एजंट म्हणाला की त्यात विशेष काही नाही आणि वेळही नाही. नबीलालने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. मग तो टेबलाजवळ गेला, खाली वाकून त्याने डावा बूट काढला, मोजा काढला आणि तीन बोटांचा तो पाय उचलून करारांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"मागचं पान वाचायला येळ न्हाई म्हनता," तो म्हणाला, "मंग ह्ये वाचा. ह्ये त्याचंच भाषांतर हाय."

एजंटाने पाय खाली घ्यायला सांगितलं. नबीलालने घेतला नाही. शेवटी एजंटाने पायाखालून एक करार ओढून काढला आणि पुटपुटत वाचू लागला. मागच्या बाकांवरून मोठ्याने वाचा अशी मागणी झाली. त्याने मोठ्याने वाचलं. आधीचा आजार विम्यात नाही. आधीच्या आजारामुळे वाढलेली इजाही नाही. आजार होता की नाही ते विमा कंपनी ठरवेल.

पोपट म्हणाला की मग पुढच्या पानावर माझा दमा लिहा, डॉक्टरची सही घ्या आणि त्याचं औषधपाणी कोणाचं तेही लिहा. एजंट म्हणाला की असं लिहिलं तर कंपनी तुला घेणारच नाही. पोपटने पेन टेबलावर ठेवून दिलं.

"नगा घेऊ," तो म्हणाला. "पन घ्याल तर दम्यासकट घ्या."

नऊ जण त्याच्यामागून उठले. बाकीच्यांनी सह्या केल्या आणि त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरी काही ना काही अडलेलं असतं. पण त्यांनीही आधी आपापले आजार तोंडाने सांगून पुढच्या पानावर लिहायला लावले; दहा जण उठून गेल्यावर एजंटाला तेवढं ऐकावंच लागलं. पोपटला कंपनीने घेतलं नाही. तो दौंडलाच ट्रॉल्या जोडतो. श्वास लागला की थांबतो आणि मालक त्याला काही बोलत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याची निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला घासलं नाही तरी चालतं. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोणी त्या टेबलामागच्या खुर्चीत बसेल, कोणी शेजारी दुभाषी म्हणून उभा राहील. तेव्हा समोरचा माणूस खिशातून आपला डबा काढून टेबलावर ठेवील. त्याचं वाक्य पुरं पलीकडे पोचवा.